हे प्रगतिपुस्तक कोणाच्या सहीसाठी?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरोघर लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य होतो, पेढ्यांवर चोपड्यांची पूजा होते आणि दलाल स्ट्रीटवरचा शेअरबाजार तासाभरासाठी उघडून मुहूर्ताचे सौदे करतो. ही प्रथा तेथे १९५७ पासून चालत आली आहे. अशा प्रसंगी भाषणे होतात, आणि अलीकडे त्या भाषणांत एक शब्दप्रयोग हटकून येतो : आपला रोखेबाजार आता ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचा’ झाला आहे. टाळ्या पडतात, मुहूर्त साधतो आणि मंडळी फराळाकडे वळतात. एक प्रश्न विचारल्यावाचून त्या टाळ्यांत सामील होण्याची माझी तयारी नाही. हा दर्जा ठरविला कोणी, आणि तो ठरविताना विचारले कोणाला?

दिवाळी अंकात असला रुक्ष विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांस माझे उत्तर सोपे आहे. ज्या कपाटातल्या चार पैशांना आपण आज हळदकुंकू वाहतो, त्या पैशांचे पुढे काय होते हा विषय रुक्ष असेल, तर लक्ष्मीपूजन हे निव्वळ नाटक समजावे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनलगतच्या चौक गावात राहतो. अर्थशास्त्राचा मी पंडित नव्हे. परंतु परीक्षा, तपासणी, दर्जा आणि प्रगतिपुस्तक ह्या चार गोष्टींत माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, आणि हा सारा मामला मुळात प्रगतिपुस्तकाचाच आहे.

ते प्रगतिपुस्तक कसे तयार होते ते आधी सांगतो. निरनिराळ्या देशांतील रोखेबाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिला ‘आयोस्को’ म्हणतात. ती १९८३ साली उभी राहिली आणि तिची कचेरी स्पेनमधील माद्रिद शहरी आहे. १९९८ साली ह्या संघटनेने चांगल्या देखरेखीची तीस तत्त्वे लिहून काढली. २००८च्या जागतिक पडझडीनंतर २०१० साली त्यांची संख्या अडतीस झाली. ह्या अडतीस तत्त्वांच्या मुळाशी तीन उद्दिष्टे आहेत. गुंतवणूकदाराचे रक्षण करावे, हे पहिले. बाजार न्याय्य, कार्यक्षम आणि पारदर्शक ठेवावा, हे दुसरे. एकाच्या बुडण्याने सर्वांची नौका बुडू नये ह्याची तजवीज करावी, हे तिसरे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ह्यांची माणसे देशोदेशी जाऊन ही तत्त्वे कितपत पाळली जातात ते पाहतात आणि प्रत्येक तत्त्वापुढे शेरा लिहितात : पूर्ण अंमल, बऱ्याच अंशी अंमल, काही अंशी अंमल, अंमल नाही. शाळाखात्याचे इन्स्पेक्टर जसे येतात तसेच हे. आपल्याकडेही हे पाहुणे येऊन गेले आहेत, आणि डॉ. राकेश मोहन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ साली आपणच आपली परीक्षा घेऊन अहवाल प्रसिद्ध केला.

आता एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ह्या दर्जाला ‘परक्यांचे जोखड’ म्हणून नाक मुरडणाऱ्या स्वदेशीच्या कैवाऱ्यांशी माझे जमत नाही. १९९२ पूर्वी आपल्याकडे काय होते ते ज्यांस आठवते, ते असे बोलणार नाहीत. कंपनीने शेअर काढायचे तर त्याची किंमत दिल्लीतला सरकारी अधिकारी ठरवी. शेअर म्हणजे कागद. तो टपालात हरवे, सही जुळली नाही म्हणून परत येई, कधी चक्क बनावट निघे. ‘सेबी’ ही देखरेख करणारी संस्था एप्रिल १९८८ मध्ये स्थापन झाली खरी, पण तिच्या हाती कायद्याची काठी नव्हती. ती आली १९९२च्या जानेवारीत. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण उजेडात आले. बँकांच्या पावत्यांवर बँकांचेच पैसे काढून बाजार फुगविला गेला होता, आणि रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने चार हजार कोटी रुपयांच्या आसपासचा खड्डा मोजला. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण त्या वर्षी सबंध देशाने गिरविली.

पण झोपा केला, हेही खरे. १९९४ साली नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू झाले. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने कागद जाऊन डीमॅट खाती आली. बनावट शेअरचा धंदाच त्यामुळे बसला. २००३ साली सेबीने आयोस्कोच्या करारावर सही केली. त्यामुळे लबाडीचा माग परदेशात गेला तर तिकडच्या संस्थेकडून माहिती मागविण्याची सोय झाली. आणि २७ जानेवारी २०२३ पासून आज विकलेल्या शेअरचे पैसे दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी मिळू लागले. हीच गोष्ट साधायला अमेरिकेला मे २०२४ उजाडावा लागला. एवढ्यापुरते आपण गुरूच्याही पुढे गेलो. ह्याचे श्रेय ज्याचे त्यास दिले पाहिजे, आणि मी ते देतो.

खरे म्हणजे ही तत्त्वे परकी नाहीतच. आमच्याकडच्या वाड्यांतून बायका भिशी चालवितात. तिचे नियम काय असतात? हिशेब सर्वांसमोर मांडायचा. कोणाचा नंबर केव्हा लागला ते सर्वांस ठाऊक असायचे. एकीने हप्ता चुकविला तर बाकीच्यांचे बुडू नये म्हणून आधीच व्यवस्था ठेवायची. मासळीची पाटी विकून आलेल्या बाईला कोणी माद्रिदहून येऊन हे शिकविले नाही. आयोस्कोची तिन्ही उद्दिष्टे त्या भिशीच्या वहीत आहेत. तेव्हा तत्त्वांशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते तत्त्वे पाळल्याचा जो हिशेब दिला जातो, त्याच्याशी.

शाळेतला अनुभव असा आहे की इन्स्पेक्टर येणार म्हटले की फळा काळाकुळकुळीत होतो, भिंतीवर तक्ते लागतात, हजेरीपट तंतोतंत भरतो. इन्स्पेक्टरसाहेब नोंद करतात : फळा आहे, तक्ते आहेत, पट आहे. शेरा उत्तम पडतो. मागच्या बाकावरच्या पोराला बेरीज येते की नाही, हे त्या शेऱ्यात कोठेच नसते. पण पोराचा बाप प्रगतिपुस्तक हाती घेतो ते नेमके तेवढ्याचसाठी! रोखेबाजाराच्या प्रगतिपुस्तकाचेही असेच झाले आहे. कायदा आहे काय? आहे. अधिकार आहेत काय? आहेत. तक्रारीची सोय आहे काय? आहे; जून २०११ पासून ‘स्कोअर्स’ नावाची संगणकावरची पेटी आहे. पण पहिले उद्दिष्ट काय होते? गुंतवणूकदाराचे रक्षण. मग त्या रक्षणाची बेरीज करून पाहू.

सहाराच्या दोन कंपन्यांनी खेड्यापाड्यांतून रोखे विकून पैसा गोळा केला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पैसा, चोवीस हजार कोटींहून अधिक, व्याजासह परत करण्याचा हुकूम दिला. निकाल ऐतिहासिक होता. सेबीने त्यासाठी झुंज दिली हे निर्विवाद. परंतु त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी सेबीच्या हातून प्रत्यक्ष रोखेधारकांच्या हाती पडलेली रक्कम सेबीच्याच अहवालांनुसार दीडशे कोटींच्या आतच होती. अर्जच थोडे आले, असे कारण दिले गेले. ते खरे असेलही. पण अर्ज थोडे का आले, हे कोणी विचारले? रोखे विकायला दारोदार माणूस येतो आणि पैसे परत द्यायचे म्हटले की वर्तमानपत्रात जाहिरात येते. येताना पाय आणि जाताना पत्र, असा हा न्याय!

दुसरे उदाहरण पर्लच्या पीएसीएल कंपनीचे. जमिनीच्या नावाखाली घेतलेले एकोणपन्नास हजार कोटी परत करा, असा हुकूम सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये काढला. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने माजी सरन्यायाधीश लोढा ह्यांची समिती नेमली गेली आणि जमिनी विकून पैसे परत करण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत चालले. तिसरे उदाहरण आपल्या मुंबईच्याच पॅनकार्ड क्लब्जचे. सुट्टीत हॉटेलात राहण्याच्या योजनेच्या आवरणाखाली पन्नास लाखांहून अधिक लोकांकडून सात हजार कोटींच्या वर रक्कम गोळा झाली. महाराष्ट्रात असा तालुका विरळा, जेथे ह्या कंपनीचा एजंट आणि त्याच्या नात्यातला एक दुखावलेला गुंतवणूकदार सापडणार नाही. सेबीची कारवाई झाली ती रकमेचा डोंगर उभा राहिल्यावर.

चौथे उदाहरण नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे. हा बाजारही मुंबईतलाच. ३१ जुलै २०१३ रोजी तेथले व्यवहार एकाएकी थांबले आणि सुमारे पाच हजार सहाशे कोटी रुपये अडकले. गोदामात माल आहे म्हणून पावत्या विकल्या जात होत्या. गोदामे उघडली तेव्हा पावतीएवढा माल नव्हता. ह्या बाजाराला २००७ साली सरकारनेच एका अधिसूचनेने सूट दिली होती, आणि म्हणून त्यावर पुरती देखरेख कोणाचीच नव्हती. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला. पुन्हा बैल आणि पुन्हा झोपा!

आणि पाचवे अगदी दारातले. टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांतून चमकत्या कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याची योजना २०२४ साली मुंबई परिसरात सुरू झाली. आमच्या मीरा रोडलाही तिचे झगझगीत दुकान होते. ६ जानेवारी २०२५ रोजी दादरच्या दुकानापुढे पैसे मागणाऱ्यांची गर्दी उसळली तेव्हा हा प्रकार जगासमोर आला. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. दोष कोणाचा किती, हे न्यायालय ठरवील. मी विचारतो ते एवढेच : भरवस्तीत, दिव्यांच्या रोषणाईत, महिनोन् महिने आठवड्याच्या व्याजाची पाटी झळकते, आणि ती कोणाच्या अखत्यारीत येते हे गर्दी जमेपर्यंत कोणास ठरविता येत नाही, हे कसे? महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ पासून आहे. अनियंत्रित ठेवयोजनांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९चा आहे. १९९९ सालीच सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. कायद्यांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो ‘हे माझे काम’ असे वेळेवर म्हणणाऱ्या माणसाचा.

ही पाचही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकात रोखे, दुसऱ्यात जमीन, तिसऱ्यात हॉटेल, चौथ्यात गोदामातला माल, पाचव्यात खडे. लबाडाने नेहमी दोन खात्यांच्या मधली जागा निवडली. आमच्या चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९च्या वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेला हे ठाणे महत्त्वाचे वाटले, कारण तेथून खाडीच्या तोंडावर नजर राहते. वसईला रसद जायची ती त्याच वाटेने. मोक्याची जागा म्हणजे जेथून वाट दिसते ती. आपण मात्र पहारे बसविले ते राजरस्त्यावर. शेअरबाजाराच्या राजरस्त्यावर पहारेकरी इतके चोख की माद्रिदहून शाबासकी यावी. आणि खाडीच्या वाटेने होडी भरभरून माल निघून जातो.

येथे एक शहाणा वर्ग पुढे सरसावतो आणि म्हणतो, ‘अहो, लोक लोभी, लोभ्याला कोण वाचविणार?’ ह्या युक्तिवादाची मला चीड येते. भेसळीचे दूध पिणाऱ्यास तहान फार लागली होती, असे म्हणून आपण भेसळ करणाऱ्यास सोडून देतो काय? आणि लोभाचेच म्हणाल तर १९९२ साली फसल्या त्या बँका होत्या. हिशेबतपासनीस, कायदेपंडित, वातानुकूलित दालने, सारे त्यांच्यापाशी होते. स्पॉट एक्स्चेंजमध्ये अडकलेल्यांतही खात्यापित्या घरची मंडळी भरपूर होती. त्यांस कोणी लोभी म्हटले नाही. त्यांची ‘जोखीम चुकली’. लोभी ठरते ती सोन्याची बांगडी मोडून पैसे भरणारी बाई. मुलीच्या लग्नाला पैसे वाढावेत ही तिची इच्छा. तिला लोभ म्हणायचे असेल, तर सबंध शेअरबाजाराला दुसरे कोणते नाव द्याल?

बरे, जेथे पहारा चोख आहे त्या राजरस्त्यावरही पहिल्या उद्दिष्टाची गत काय? सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. वायद्यांच्या आणि ऑप्शनच्या सौद्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरातल्या त्र्याण्णव जणांस तीन वर्षांत तोटा झाला आणि तो एकंदर एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर गेला. आकडे लपविले नाहीत, ह्याबद्दल सेबीचे कौतुकच. पुढे नियमही कडक झाले. पण ध्यानात घ्या, ह्या तीन वर्षांत कागदावर काहीच चुकलेले नव्हते. धोक्याची सूचना दिलेली होती, फॉर्मवर सही घेतलेली होती, सौदे पारदर्शक होते. शंभरातली त्र्याण्णव मुले नापास झाली तर शाळेच्या इमारतीचा शेरा कितीही उत्तम असो, गावकरी हेडमास्तरांना जाब विचारतातच. येथे जाब कोणी कोणास विचारावा?

भाषेची गोष्ट तर बोलूच नये अशी. कंपनी शेअर विक्रीस काढते तेव्हा जाहिरात प्रादेशिक भाषेच्या पत्रातही छापते. परंतु ज्या जाडजूड पुस्तकात धोके लिहिलेले असतात ते इंग्रजीत. मे २०२४ मध्ये सेबीने फर्मावले की ह्या माहितीची चित्रफीत करा. भाषा दोन, इंग्रजी आणि हिंदी. दलाल स्ट्रीट ज्या राज्यात आहे त्या राज्याची भाषा त्या यादीत बसली नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी धोक्याची जी सूचना येते, ती एका श्वासात म्हटली जाते. सूचना ऐकू आली हे सिद्ध करता यावे, पण समजू नये, अशा बेताने ती म्हटली जाते की काय, अशी शंका येते. माहिती उघड करणे हे दर्जाचे तत्त्व आहे. पण न कळणाऱ्या भाषेत उघड केलेली माहिती म्हणजे कुलुपाला लावलेली पण न फिरणारी किल्ली. सेबीचा विनामूल्य फोन मराठीत बोलतो हे मी जाणतो आणि त्याचे स्वागत करतो. पण फोन लागतो तो पैसे गेल्यावर. धोके वाचायचे असतात ते पैसे देण्यापूर्वी.

आणखी एक नाजूक मुद्दा. आयोस्कोच्या तत्त्वांत असे म्हटले आहे की देखरेख करणारी संस्था आपल्या कामात स्वतंत्र असावी आणि तिने आपल्या कामाचा जाबही द्यावा. १९९२च्या सेबी कायद्याने धोरणाच्या बाबतीत तिला आदेश देण्याचा आणि प्रसंगी तिचे मंडळच बाजूला सारण्याचा अधिकार केंद्र सरकारपाशी ठेवला. सरकार स्वतः मोठमोठ्या कंपन्यांचे मालक असताना हे कितपत शोभते, हा प्रश्न जाणत्यांनी सोडवावा. माझे म्हणणे दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आहे. स्वातंत्र्य हवे, पण जाब कोणाला? मंत्रालयाला जाब देता, संसदेला वार्षिक अहवाल देता, माद्रिदला प्रश्नावली भरून पाठविता. ज्याच्या रक्षणासाठी हे सारे, त्याला काय देता? सेबीची कचेरी वांद्र्याला आहे. चौकहून बसने भाईंदर स्टेशन, तेथून लोकलने वांद्रे. दोन-अडीच तासांचा प्रवास. पण कागदपत्रांच्या वाटेने पाहू गेले तर वांद्र्याला माद्रिद जवळ आहे आणि चौक दूर आहे.

केवळ टीका करून थांबणे मास्तरकीला शोभत नाही. म्हणून चार मागण्या मांडतो. पहिली : दरवर्षी दिवाळीपूर्वी एक पान मराठीत, आणि प्रत्येक राज्यात त्या त्या भाषेत, प्रसिद्ध व्हावे. किती पैसा परत करण्याचे हुकूम झाले, किती वसूल झाला, किती माणसांच्या हाती पडला आणि हुकुमापासून हाती पडेपर्यंत किती वर्षे लागली, एवढेच त्यावर असावे. दुसरी : लोकांकडून पैसे घेऊन परतावा देणाऱ्या कोणत्याही दुकानाला महापालिकेने परवाना देतानाच विचारावे की तुमची नोंदणी कोणाकडे, आणि ते उत्तर मराठीत दारावर लावायला भाग पाडावे. तिसरी : तालुक्याच्या ठिकाणी एक खिडकी असावी. तेथे तक्रार आणणाऱ्याला ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणण्याची कारकुनाला मुभाच नसावी. कोणाकडे येते ते त्याने शोधावे आणि पोच द्यावी. चौथी : धोक्यांचे पान खरेदीदाराच्या भाषेत, दोनच पानांत आणि सहीच्या आधी मिळावे. ह्यातली एकही मागणी अडतीस तत्त्वांच्या विरुद्ध नाही. उलट, पहिल्या उद्दिष्टाचा हाच सरळ अर्थ आहे.

२०२४ अखेर देशातील डीमॅट खाती अठरा कोटींच्या वर गेली. म्हणजे बाजार आता दलाल स्ट्रीटवरच्या मूठभरांचा राहिलेला नाही. तो शिक्षकांचा, कंडक्टरांचा, मासे विकणाऱ्यांच्या मुलांचा झाला आहे. तो विकसित देशांच्या पंगतीत बसावा ही माझीही इच्छा आहे. पण पंगतीत पाट मिळाला म्हणून घरच्या माणसांनी उपाशी उठावे, असा शिष्टाचार कोठे ऐकला नाही.

वाचकहो, उद्या पाडवा. नव्या वर्षाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहाल, त्याखाली तीन प्रश्नही लिहून ठेवा. पैसे मागणाऱ्याची नोंदणी कोठे आहे? त्याचा कागद माझ्या भाषेत आहे काय? आणि बुडाले तर दाद कोणत्या दारी मागायची? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पाकिटाला हात लावू नका, मग समोरचा माणूस नात्यातला का असेना. आणि हेच तीन प्रश्न निवडणुकीत दारी येणाऱ्यांनाही विचारा, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या-माझ्या सावधपणात नाही. ते सरकारच्या हाती आहे.

प्रगतिपुस्तकावर हेडमास्तरांचा शेरा असतो, इन्स्पेक्टरची नजर असते. पण खाली सहीची एक रिकामी जागा असते आणि तिच्यापुढे ‘पालक’ असे छापलेले असते. ह्या बाजाराचा पालक माद्रिदमध्ये राहत नाही. तो उत्तनला, आटपाडीला, परतूरला, सावंतवाडीला राहतो आणि आपले पैसे परत येण्याची वाट पाहतो. त्याच्या हाती ते पडल्याचे दाखवा. तोवर सही मिळणार नाही.